चार बोटं दाब

१

विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत शालनबाईंच्या हातचा फ्रॉक ओळखायला लेबल लागत नसे. फ्रॉक उलटा करायचा आणि खालची कड बघायची. आत चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं सापडलं की तो शालनबाईंचा. याला दाब म्हणतात. पोर उंच झालं की टीप उसवायची, दुमडलेलं कापड खाली सोडायचं, फ्रॉक आणखी दोन उन्हाळे निघतो. हल्लीचे तयार कपडेवाले अर्धं बोटसुद्धा दाब सोडत नाहीत आणि त्यावरून शालनबाई त्यांची यथेच्छ हजेरी घेत. "पोरगी काय पुतळा आहे? वाढणारच नाही?" असं त्या विचारत, आणि वरच्या मजल्यावरच्या विमलाबाई म्हणत, "शालनताई, तुमचा फ्रॉक घातला की पोरीला लग्नापर्यंत दुसरा घ्यायला नको."

बाईंनी सरकारी गणवेश कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली होती. तिथे इंचाला टाके किती ते मोजून साहेब माल परत पाठवायचा. त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांपेक्षा टेपवर त्यांचा भरवसा जास्त. निवृत्तीनंतर घरातली मागची खोली त्यांनी शिवणकामाला घेतली. तिथे पायमशीन, दाराला आरसा असलेलं कपाट, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवर नवऱ्याचा, तात्यारावांचा फोटो. तात्यारावांना जाऊन सहा वर्षं झाली होती. रोज दुपारची जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की शालनबाई या खोलीत येत, मशीनला दोन थेंब तेल देत आणि चार वाजेपर्यंत शिवत. त्या वेळात पुण्यात कुणी कुणाचं दार वाजवत नाही, त्यामुळे काम बरं उरकायचं.

यंदा एप्रिलात मशीनवर होता तो नातीचा फ्रॉक. नात आम्रपाली, घरातली आमू. वय सात, अंग मात्र चार वर्षांच्या मुलीचं. तिच्या हृदयात जन्मापासून दोष होता. दोन ऑपरेशनं झाली होती. तिसरं आणि सगळ्यांत मोठं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं. डॉक्टर चांगले होते, खोटी आशा दाखवत नव्हते, आणि म्हणूनच ते काय म्हणाले हे घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

२

फ्रॉक आमूनेच पसंत केला होता, आईच्या मोबाइलवर. एकाखाली एक तीन झालरी, वरचीपेक्षा मधली दीडपट रुंद, मधलीपेक्षा खालची दीडपट. "आजी, गोल फिरलं की याची छत्री होते," ती म्हणाली. दवाखान्यातून घरी येताना तिला तोच घालायचा होता.

आमूची आई सोनाली, शालनबाईंची सून. तिने इंटरनेटवरून त्या फ्रॉकचा नमुना उतरवला आणि ऑफिसातून छापून आणला. सव्वीस कागद निघाले. ते एकमेकांना चिकटवायला सोनाली आणि तिचा नवरा, शालनबाईंचा मुलगा प्रज्ञेश, दोघं हॉलमध्ये गुडघ्यांवर रांगत होते.

"आम्ही एका वर्तमानपत्रावर अख्खा फ्रॉक बेतायचो," शालनबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "बातम्या वाचून झाल्या की."

"आई, यात सगळी मापं तयार असतात," प्रज्ञेश म्हणाला. "हा चौकोन बघ. तो बरोबर पाच सेंटिमीटर भरला की समजायचं, छपाई चुकलेली नाही."

शालनबाईंनी टेप लावला. चौकोन पाचच भरला. इंटरनेटमध्येही कुणीतरी मोजून काम करणारं माणूस आहे, हे बघून त्यांना जरा बरं वाटलं.

कापड त्यांनी रविवार पेठेतून आणलं, फिकट पिवळं, बारीक पांढऱ्या फुलांचं. नमुन्यात त्यांनी आपले बदल केले. खांद्याला नुसत्या नाड्या होत्या, तिथे छोट्या फुग्याच्या बाह्या लावल्या. गळाही वर घेणार होत्या, कारण आमूच्या छातीवर गळ्याखालून सरळ उतरत गेलेला व्रण होता. पण आमूच म्हणाली, "झाकू नको ना. ती माझी चेन आहे." मग गळा नमुन्यात होता तसाच राहिला.

आणि मग शालनबाईंनी जे केलं ते त्यांनी जन्मात केलं नव्हतं. शेवटच्या झालरीची कड त्यांनी अर्धा इंच दुमडली, मशीनखाली सरकवली आणि टीप मारून मोकळ्या झाल्या. दाब सोडलाच नाही. कापड पुरत नव्हतं असं नाही, तेवढं ओढूनताणून निघालं असतं. आमूसाठी याआधी शिवलेले दोन्ही फ्रॉक कपाटात होते. त्यांचे दाब होते तसेच दुमडलेले होते, ते उसवायची वेळच आली नव्हती. आता पुन्हा चार बोटं सोडायला त्यांचा हात धजला नाही. असं काही ठरवून केलं नाही, असं त्या मनाशी म्हणाल्या, पण बाईंना आपल्या हाताची चांगली ओळख होती.

संध्याकाळी अंगावर घालून बघताना आमू दोनदा गोल फिरली आणि दम लागून खुर्चीत बसली. सोनालीने फ्रॉक काढून हँगरला लावताना खालची कड उलटून पाहिली. तिने हँगर खुंटीला अडकवला. आत गेली आणि बराच वेळ बेसिनचा नळ सोडून उभी राहिली. शालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३

दुसऱ्या दुपारी त्या खोलीत आल्या त्या दाब सोडायचाच असं ठरवून. उरलेल्या कापडाच्या पट्ट्या जोडून आतून लावता आल्या असत्या. हँगरवरचा फ्रॉक त्यांनी खाली घेतला, उलटा केला आणि कड चाचपली.

आत दाब होता.

मशीनची टीप गायब होती. कापड आत दुमडून हाताने बारीक तुरपलेलं होतं. त्यांनी पिशवी पाहिली, तर उरलेल्या पट्ट्या जशाच्या तशा. फ्रॉकची बाहेरून लांबी मोजली, बावीस इंच, काल होती तीच. आत दुमडलेलं कापड मात्र कुठूनतरी नवीन आलं होतं.

वय झालं, विसरले असेन, असं शालनबाई स्वतःला म्हणाल्या. बासष्टाव्या वर्षी माणूस गॅस बंद करायला विसरतं, हे तर नेमकं उलट होतं. त्या चष्मा पुसून खिडकीशी गेल्या आणि टाके पाहिले. तुरपाईचा टाका प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि उजव्या हाताचा एका बाजूला कलतो तर डावऱ्या हाताचा दुसऱ्या. कारखान्यात राजनंदिनी नावाची एक डावखुरी बाई होती, तिचा माल शालनबाई शंभर नगांतून वेगळा काढत. फ्रॉकचे टाके तसे कलले होते. या घरात डावखुरं माणूस एकच होतं, सात वर्षांचं, आणि त्याला अजून सुईत दोरा ओवता येत नव्हता.

मग त्यांनी सवयीने दाबावर आपली चार बोटं ठेवली. दाब चार बोटंच होता, पण त्यांची चार बोटं नव्हेत. त्यांची चार बोटं बरोबर तीन इंच भरत. हे त्यांनी आयुष्यात हजारदा मोजलं होतं. हा दाब पावणेतीन इंचांचा होता. कुणीतरी स्वतःची बोटं ठेवून माप घेतलं होतं, आणि त्या बोटांची रुंदी पाव इंच कमी होती.

संध्याकाळी ऑफिसातून येऊन सोनाली त्या खोलीत डोकावली. फ्रॉक टेबलावर उलटाच पडला होता. तिने कडेला हात लावला आणि तिथल्या तिथे खाली बसली.

"आई, तुम्ही दाब सोडलात."

शालनबाई तिच्याजवळ खाली बसल्या.

"मला काल वाटलं, तुम्हीसुद्धा आता..." तिने सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलीसारखी रडली.

"राहून गेला होता गं," शालनबाई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "आज सोडला." सुनेशी इतकं मोठं खोटं त्या पहिल्यांदाच बोलल्या.

४

बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या त्या घरात भुताखेताला जागा नव्हती. तात्याराव असते तर म्हणाले असते, "शालन, आधी मोज, मग घाबर." म्हणून त्या मोजू लागल्या.

तिसऱ्या दुपारी फ्रॉक पंचवीस इंच भरला. कापड टांगलं की स्वतःच्या वजनाने लोंबतं, हे कुणीही शिंपी सांगेल. त्यांनी फ्रॉक हँगरवरून काढून कपाटात सपाट घडी घालून ठेवला. चौथ्या दुपारी तो अठ्ठावीस इंच होता. मग टेप ताणला असेल म्हणून त्यांनी प्रज्ञेशच्या शाळेतली पोलादी पट्टी शोधून काढली. पट्टीनेही अठ्ठावीसच. संध्याकाळी प्रज्ञेश आल्यावर त्यांनी त्याच्या हातात फ्रॉक आणि पट्टी दिली.

"बावीस," तो म्हणाला. "का गं?"

त्यांनी स्वतः मोजला. बावीसच होता, तीन झालरी, नवाकोरा, आत दाब. "काही नाही. खात्री केली," त्या म्हणाल्या.

"आई, तू दुपारी जरा पडत जा," प्रज्ञेश म्हणाला. तो आईकडे बघत राहिला. त्याच्याकडे आता आणखी एका माणसाची काळजी करायला ताकद उरलेली नाही, हे त्यांना दिसलं आणि त्यांनी फ्रॉक परत कपाटात ठेवला.

म्हणजे संध्याकाळी सगळं शहाण्यासारखं असे. दुपारी, दीड ते चारच्या मध्ये, फ्रॉक दुसराच होई. आणि नुसता लांब होत नव्हता. त्याचं पिवळं उतरत चाललं होतं, फुलं पुसट होत चालली होती, कापड शंभर धुण्यांनंतर होतं तसं मऊ लागत होतं. खालच्या झालरीवर आडव्या गडद रेषा उमटल्या होत्या, आधी एक, दुसऱ्या दिवशी दोन, मग तीन. त्या कसल्या हे शालनबाईंना कुणी सांगायला नको होतं. दाब उसवून खाली सोडला की जिथे जुनी घडी होती तिथे अशी रेषा राहते, कारण बाहेरचं कापड उन्हाने विटतं आणि घडीतलं विटत नाही. ती पडायला पोरीने तो कपडा घालून उन्हात हुंदडावं लागतं. दर रेषेला दोन उन्हाळे.

हा फ्रॉक कुणी अजून दारापर्यंतसुद्धा घालून गेलं नव्हतं.

रेषांवर बोट फिरवताना त्यांच्या मनात आशा आली असती तर बरं झालं असतं. पण त्यांना आठवलं ते तात्याराव गेले त्या सकाळी प्रज्ञेशने घाईघाईने आणलेलं कापड. लांब, पांढरं. त्याला ना टीप होती ना दाब. हा फ्रॉकही लांब लांब होत पांढरा पडत चालला होता. हा नेमका कुणाच्या मापाचा होतोय, असं त्यांच्या मनात आलं आणि भर दुपारी, चाळीस डिग्रीत, त्यांच्या पायाला गारठा चढला. त्यांनी फ्रॉक कपाटात टाकला, किल्ली फिरवली आणि हॉलमध्ये येऊन झोपलेल्या आमूचा श्वास मोजत बसल्या.

५

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी आमूला तपासण्यांसाठी घेऊन दोघं दवाखान्यात गेली. शालनबाई घरी एकट्या. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. हा फ्रॉक पोरीच्या अंगावर चढवायचा नाही. फाडून टाकायचा आणि सोमवारपर्यंत रात्रंदिवस बसून तस्साच दुसरा शिवायचा. त्यांनी मोठी कात्री घेतली आणि कपाट उघडलं.

फ्रॉक हाताला जड लागला. त्यांनी तो टेबलावर पसरला तेव्हा तो टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबला. पन्नास इंच. वरच्या भागात जोड लावून, शिवण सोडून तो मोठा केलेला होता, आणि फार सफाईने. आता झालरी तीन नव्हत्या, चार होत्या. वरच्या तीन पिवळ्या, जवळजवळ पांढऱ्या झालेल्या. चौथी मोरपंखी रंगाची, खाली जरीचा काठ.

शालनबाईंनी कात्री खाली ठेवली. तो काठ त्यांच्या ओळखीचा होता. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातल्या बायकांनी दिलेली नारायणपेठ साडी. वर्षातून दोनदाच नेसायच्या त्या, चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला. पंधरा दिवसांपूर्वीच नेसल्या होत्या.

त्यांनी कपाटाचा वरचा कप्पा उघडला. साडी होती. घडी मोडून त्यांनी ती सगळी उलगडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अखंड होती. पदराजवळ एका ठिकाणी खिळ्याला अडकून फाटली होती, तिथे त्यांनी स्वतः रफू केलं होतं, मोरपंखी दोरा मिळाला नाही म्हणून हिरव्याने. त्यांनी फ्रॉकच्या चौथ्या झालरीवर इंच इंच पुढे सरकत बोट फिरवलं. डाव्या बाजूला, चुणीच्या आत, हिरवं रफू होतं. टाका त्यांचाच, उजव्या हाताचा.

त्या इस्त्रीच्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. बाई जिवंत असताना तिच्या साडीला कुणी कात्री लावत नाही. सासू गेली तेव्हा तिची लुगडी शालनबाईंनीच फाडून गोधडीत घातली होती, आणि प्रत्येक लुगड्याला कात्री लावताना आधी हात जोडले होते. आता ही साडी कापलेली होती.

म्हणजे तेव्हा आपण नसू, एवढं त्यांच्या लक्षात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात येऊ लागली. ती इतकी मोठी होती की त्यांना ती एका दमात पुरी मनात घेता येईना.

६

पाणी प्यायला त्या स्वयंपाकघरात गेल्या. तांब्या तोंडाला लावला आणि मागच्या खोलीत मशीन सुरू झालं.

त्यांचंच मशीन. चाक फिरवणाऱ्या चामडी वादीचा जोड चाकावर आला की त्यात टक् असा एक आवाज येतो, तो इतर कुठल्या मशीनला नाही. खडखड, टक्. खडखड, टक्. मग थांबलं. कापड वळवायला थांबतात तेवढंच. पुन्हा सुरू झालं. शिवणारा हात सरावाचा होता. कोपऱ्यावर वेग कमी करायची शालनबाईंची जी लकब होती, तीच त्या हातालाही होती.

बाहेर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. आळंदी रस्त्यावरून बस गेली. दिवस लख्ख होता. मला काहीतरी भास होतोय, झोप झालेली नाही, जेवण नीट नाही, असं सगळं शालनबाईंनी स्वतःला बजावलं आणि पाय आपोआप घरातल्या बोळातून पुढे निघाले. त्या घाबरल्या नव्हत्या असं म्हणणं खोटं ठरेल. भिंतीला हात लावल्याशिवाय त्यांना एक पाऊल टाकवत नव्हतं.

दार अर्धं उघडं होतं. मशीन दाराआड होतं, पण कपाटाच्या आरशात दिसत होतं.

आरशात पहिल्यांदा दिसला तो कोपर. डावा. कापड पुढे सरकवणारा, उन्हात रापलेला, बाईमाणसाचा भरलेला कोपर. मग मोरपंखी रंग, मांडीवरून जमिनीपर्यंत ओघळलेला. बाई मान खाली घालून अंगातल्याच फ्रॉकची झालर शिवत होती, केस वर बांधलेले, तोंड दिसत नव्हतं. मशीन थांबलं. तिने कड उलटी केली आणि डाव्या हाताची चार बोटं तिच्यावर ठेवली, माप घ्यायला. दोरा दातांनी तोडायला ती जराशी वाकली तेव्हा फ्रॉकचा गळा पुढे आला. गळ्याखालून सरळ खाली उतरलेली एक रेघ होती. लाल नव्हती. बारीक, पांढरी, वर्षानुवर्षांची जुनी झालेली.

शालनबाईंचे हात आपसूक जोडले गेले. विहारात त्या इतकी वर्षं हात जोडत आल्या होत्या, पण असे ते कधी जुळले नव्हते.

तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. भिंतीवर तात्यारावांचा फोटो होता. त्याच्या उजव्या हाताला, दोन बोटांची जागा सोडून, दुसरी एक चौकट लावलेली होती. खिडकीचा उजेड काचेवर पडल्यामुळे आतला चेहरा दिसेना. साडीचा मोरपंखी रंग तेवढा दिसला. चौकट तात्यारावांच्या फोटोशी एका रेषेत लावली होती, जराही तिरकी नाही. शालनबाईंनी स्वतः खिळा ठोकला असता तर तिथेच ठोकला असता.

त्यांनी दार ढकललं. मशीनवर कापड झाकलेलं होतं. टेबलावर बावीस इंचांचा पिवळा फ्रॉक होता, शेजारी कात्री. भिंतीवर तात्याराव एकटेच होते. शालनबाई मशीनच्या स्टुलावर बसल्या, वादीला हात लावला. ती कोमट होती. मग त्यांनी तोंडात पदर कोंबला आणि आनंदाने रडल्या, इतक्या की शेवटी वरून विमलाबाईंनी हाक मारून विचारलं, "शालनताई, ठीक आहे ना?"

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "फार ठीक आहे."

७

सोमवारी सकाळी निघायची गडबड. प्रज्ञेश खाली गाडी काढत होता, सोनाली फाइल आणि थर्मास शोधत होती. शालनबाईंनी तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि वरच्या कप्प्यातली साडी दाखवली.

"ही माझ्यामागं कुणाला द्यायची नाही. गोधडीतही घालायची नाही. आमूची आहे."

"आई, आजच्या दिवशी असलं बोलू नका हो," सोनाली कळवळून म्हणाली.

"आजच बोलायचं आहे. पदराजवळ रफू आहे, कापताना तिथे सांभाळून म्हणावं. तसं तिला कळेलच."

सोनालीने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. गेल्या सात वर्षांत या घरात एवढा शांत चेहरा तिने पाहिला नव्हता. तिने काय समजून घेतलं कोण जाणे, पण साडीवरून एकदा हात फिरवला आणि मान हलवली.

आमू दारात चपला घालून तयार होती. फ्रॉकची पिशवी तिने कुणाला घेऊ दिली नव्हती.

"आजी, दाब किती सोडलाय?"

"चार बोटं."

"कुणाची चार बोटं?"

शालनबाई तिच्यासमोर खाली बसल्या आणि पंजा उभा धरला. आमूने आपला डावा पंजा त्याला लावून पाहिला. तिची चार बोटं आजीच्या दोन बोटांएवढीच भरली. नखं निळसर होती, नेहमीसारखी. तिने जरा नाराजीने हात मागे घेतला.

"माझी किती लहान आहेत."

"वाढतील," शालनबाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा पाव इंच कमी राहतील. पण वाढतील."